बाईंच्या वतीने आलेला फोन

बाई चौथीच्या वर्गात रागावल्या की शेजारच्या तिसरीतली पोरंही गप्प बसायची, इतका त्यांचा आवाज दणदणीत. मुलांनी त्यांचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चौथीत येऊनही ज्यांना धड वाचता येत नाही, अशा मुलांची एक तुकडी त्यांच्याकडे असायची. निवृत्तीचं वय उलटलं तरी शाळेने त्यांना ठेवून घेतलं होतं, कारण ती तुकडी आपणहून कुणी मागत नव्हतं.

सुट्टी लागली की त्या मुलाकडे जात. मुलगा, सून आणि दोन नातवंडं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. नातीचं प्रत्येक वाक्य प्रश्नात संपायचं, म्हणून घरात तिला ‘चौकशी’ म्हणत. धाकटा नातू गोल गरगरीत, त्याचं नाव ‘गोटी’. यंदाची सुट्टी झकास गेली. बाईंनी गोटीला बुटाच्या नाड्या बांधायला शिकवलं, चौकशीबरोबर पत्ते खेळताना मनसोक्त लबाडी केली आणि पकडल्या गेल्यावर साफ कानांवर हात ठेवले.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली. मुलाने ती उचलून परत आत नेली. एवढी घाई कसली, संध्याकाळी निवांत बोलू, असं म्हणत तो सुनेला घेऊन बाजारात गेला.

बाई गोटीची नखं कापत बसल्या होत्या. चौकशी शेजारी येऊन टेकली.

“आजी, उद्या मला शाळेतून न्यायला तू येणार ना?”

“मी कशी येणार? उद्या माझीच शाळा आहे.”

“पण बाबा म्हणाले, तू आता शाळेत जाणार नाहीस. गोटीच्या पाळणाघरातसुद्धा सांगून टाकलंय, तो येणार नाही म्हणून. तुला माहीत नाही?”

बाईंचा हात थांबला. अभ्यासाच्या खोलीतलं कपाट हळूहळू रिकामं होत होतं, नवी गादी आली होती, ते त्यांनी पाहिलं होतं. कुणी पाहुणे येणार असतील असं वाटलं होतं. ते पाहुणे आपणच, हे आता उमगलं. घरात सगळ्यांना ठाऊक, अगदी गोटीलाही. फक्त नवरीलाच लग्नाचा पत्ता नाही.

मुलाला फोन लावून झाडावं असं एकदा मनात आलं. मग त्यांनी उरलेली नखं कापली, दोघांना बूट घालायला सांगितलं आणि बॅग बाहेर काढली. मुलांना घेऊन शाळेत वर्ग लावायला जाते, तिथून माझ्या घरी जाईन, तिकडेच या, एवढा निरोप सुनेच्या फोनवर पाठवला आणि बस पकडली.

शाळेच्या फाटकाशी रखवालदार त्यांच्याकडे बघतच राहिला. बाईंनी नोकरी सोडली असं त्याने ऐकलं होतं. कुणाकडून, असं विचारल्यावर त्याने नुसतं मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

मुख्याध्यापिका वेळापत्रक घेऊन बसल्या होत्या. बाईंना पाहून त्या अवघडल्या. “तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. आईची तब्येत पूर्वीसारखी राहिली नाही, यंदा तिला जमणार नाही, असं तो बोलला होता. बाईंकडून काही कळेल म्हणून त्यांनी वाट पाहिली आणि शेवटी ती तुकडी नव्या शिक्षिकेच्या गळ्यात घातली.

“आता कळवते,” बाई म्हणाल्या. “मी उद्या येते आहे. आणि यापुढे माझ्या वतीने कुणाचाही फोन आला, अगदी मी मेले असं सांगणारा आला, तरी आधी मला विचारा.”

मुख्याध्यापिकांनी आढेवेढे घेतले. सगळी जुळवाजुळव झाली होती, एक बदलायचं तर चार ठिकाणी बदलावं लागणार होतं. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या, गोटीला मांडीवर घेतलं आणि तुमचं होऊ दे सावकाश, मला आज दुसरं काही काम नाही, असं म्हणाल्या. काही वेळाने मुख्याध्यापिकांनी नव्या शिक्षिकेला फोन लावला. पलीकडून इतक्या आनंदाने होकार आला की तो बाईंनाही ऐकू गेला.

मग तिघांनी मिळून वर्ग लावला. बाकं सरकवली, फळा ओल्या फडक्याने पुसला, भिंतीवर मोठाली अक्षरं चिकटवली. गोटीने ‘ढ’ उलटा चिकटवला. बाईंनी तो तसाच राहू दिला. वर्षातली पहिली चूक मास्तरणीचीच सापडली की पोरांना जरा हुरूप येतो, असं त्या म्हणाल्या.

चौकशी मात्र बराच वेळ एकच अक्षर हातात धरून उभी होती. शेवटी तिने विचारलंच.

“आजी, शाळेतली मुलं तुला आमच्यापेक्षा जास्त आवडतात का?”

“नाही. तुम्ही जास्त आवडता. त्यांतल्या काही कार्ट्यांनी तर माझा नुसता जीव खाल्लाय.”

“मग आमच्यासाठी सोड ना.”

“नाही सोडणार. मला हे काम येतं आणि ते करायला आवडतं.”

पोरीचे डोळे भरले. ती पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. बाईंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण खोटं बोलायचं ते पत्त्यांत, असं मनाशी म्हणत त्यांनी ते गिळलं आणि उरलेली अक्षरं चिकटवत राहिल्या.

मुलगा आणि सून बाईंच्या घरी पोहोचले तेव्हा मुलं स्वयंपाकघरात ऑम्लेट खात होती. मुलाचा चेहरा उतरला होता. त्याने सुरुवात केली ती काळजीने, आणि ती खोटी नव्हती. या वयात दोन जिने चढायचे, बसमध्ये उभं राहायचं, दिवसभर घसा ताणायचा, कशासाठी? मागच्या हिवाळ्यात पडलीस तेव्हा माझी काय अवस्था झाली होती, आठवतं का?

“आठवतं ना,” बाई म्हणाल्या. “तुझ्या न्हाणीघरात पडले होते. शाळेत आजवर एकदाही पडले नाही.”

सुनेने हसू दाबायला तोंड फिरवलं. आईंना आधी विचारा, असं मी शंभरदा सांगितलं होतं, हेही ती तिथेच बोलून मोकळी झाली. मुलगा चिडला. तुझ्या भल्यासाठीच केलं, आणि नातवंडांना वेळ देणं म्हणजे काही शिक्षा नव्हे, असं म्हणाला.

बाईंनी आवाज चढवला नाही. तोफेचा तो हळू आवाज मुलाने लहानपणी फार थोड्या वेळा ऐकला होता आणि त्याला तो चांगलाच ओळखीचा होता.

“मुलं मला हवी आहेत. दर शनिवारी आणून सोड, रविवारी घेऊन जा. पण मी तुझी आई आहे, रिकामी खुर्ची नाही, की हवी तिथे उचलून ठेवलीस. उद्या मी शाळेत जाणार. परवाही जाणार. जमेनासं झालं की मुख्याध्यापिकांना माझ्या तोंडाने सांगेन.”

मुलगा मुलांना घेऊन गेला. चौकशीने जाताना आजीकडे पाहिलं नाही. दार लावल्यावर बाई तशाच उभ्या राहिल्या. पाय खरंच दुखत होते. त्यांनी ते गरम पाण्यात सोडले आणि उद्याची साडी काढून ठेवली.

पाळणाघरातली गोटीची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली होती. नवी मिळेपर्यंत मुलाला रजा काढून घरी बसावं लागलं. बाईंनी त्याबद्दल ना कधी दिलगिरी व्यक्त केली, ना टोमणा मारला. शनिवारी मुलं यायला लागली. चौकशी सुरुवातीला फुगून कोपऱ्यात बसायची. मग एका शनिवारी, वर्गातला कोण जीव खातो, त्याचं नाव काय, तो काय काय करतो, असं तिने विचारलं, आणि बाईंनी त्याचे सगळे पराक्रम हातवारे करून सांगितले. त्या दिवशी जेवणं बरीच उशिरा झाली.