मिस अनी साथी यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त

मालतीताई घाडींची आणि माझी पहिली भेट दादरच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत झाली, आणि ती बोलणी खाऊनच झाली. कोरसमध्ये मी नवीन होते आणि आपला आवाज कुणाच्या तरी कानात भरावा म्हणून जीव तोडून गात होते. पहिला टेक संपल्यावर शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "बाय गो, पाऊलभर मागं हो. तुझा आवाज दिसतोय." मला वाटलं, कौतुकच चाललंय. मी आणखी पुढं सरकले. मग त्यांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं आणि गाणं पुरं होईपर्यंत तो सोडला नाही.

त्याच आमच्या मालतीताई. पंच्याहत्तरीचे सोहळे बहुधा नाववाल्यांचे होतात, आणि ताईंचं नाव एकाही तबकडीवर नाही. त्यांच्या काळी तबकडीवर मुख्य गायकाचं नाव छापत आणि त्यापुढं 'आणि साथी'. त्या दोन शब्दांत जी काही माणसं मावतील ती मावतील. या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळानं ताईंच्या गाजलेल्या गाण्यांची नावं मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळी लिही, नाहीतर एकही नको." एवढी जागा मंडळाकडे नव्हती.

त्यांना मिळालेल्या एकुलत्या एका पारितोषिकाची हकीकत मात्र सांगायलाच हवी. ध्वनिमुद्रिकांना पारितोषिकं देण्याची पद्धत तेव्हा नुकती सुरू झाली होती. समारंभ फोर्टातल्या मोठ्या हॉटेलात, कारभार सगळा इंग्रजीत. ज्या गाण्याला बक्षीस होतं त्याच्या कोरसात चौघी मुली होत्या: चिंचपोकळीच्या ताई, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या निर्मला कांबळे, कोळीवाड्यातल्या हौसाबाई आणि गिरगावच्या शकूताई. निवेदकाला मराठीचा गंध नव्हता. तबकडीवर इंग्रजी अक्षरांत छापलेलं 'आणि साथी' हे त्याला कुणा बाईचं नाव वाटलं. मुख्य गायकांना बोलावून झाल्यावर त्यानं मोठ्या अदबीनं पुकारा केला, "अँड मिस अनी साथी, प्लीज!"

टाळ्या वाजल्या. बाई काही उठेना. मुख्य गायक हसत म्हणाले, "अगं, तुमच्यापैकी कुणीतरी जा." एकटीनं जायला एकही तयार होईना, म्हणून चौघी उठल्या आणि एकमेकींचे हात धरून मंचावर गेल्या. बक्षीस म्हणून मिळालेल्या, लाकडी बैठकीवरच्या छोट्या पितळी तबकडीवरही 'मिस अनी साथी' असंच कोरलेलं होतं. दुरुस्त करून घ्या, असं पुढं पुष्कळांनी सुचवलं. चौघींनी केलं नाही. त्या एकमेकींनाच 'अनी' म्हणू लागल्या, आणि दर दसऱ्याला सोन्याच्या पानांबरोबर ती तबकडी एकीच्या घरून दुसरीच्या घरी जाऊ लागली. हौसाबाईंच्या घरी ती सुक्या बोंबलांच्या डब्याशेजारी असायची आणि तिथून आली की वास जाईपर्यंत शकूताई तिला खिडकीत ठेवायच्या, हे सांगताना ताई अजून हसतात.

ताईंच्या माणुसकीचा अनुभव मीही घेतला आहे. माझी आई परळच्या इस्पितळात होती आणि त्याच दिवशी ध्वनिमुद्रण होतं. मी धावतपळत पोचले तेव्हा तालीम संपत आली होती. माझ्या जागी दुसरी मुलगी उभी करायचा विचार चालला होता, पण ताईंनी माइकसमोर एका माणसाची जागा रिकामी ठेवून बाकीच्यांना उभं केलं होतं. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "पिशवीत पेज आहे. आधी ती पी, मग सुराला लाग." आईचं विचारलं ते काम झाल्यावर, आणि मग रात्रभर इस्पितळात माझ्याबरोबर बसल्या.

आता थोडं अवघड. शकूताई गेल्या, हौसाबाई गेल्या. दोन वर्षांपूर्वी निर्मलाताईही गेल्या. त्या वर्षीच्या दसऱ्याला तबकडी ताईंकडे होती, ती तिथेच राहिली. कुठं नेणार? तेव्हापासून ताई गायलेल्या नाहीत, घरात गुणगुणतसुद्धा नाहीत. सत्कारात त्यांनी चार ओळी तरी गाव्यात अशी मंडळाची इच्छा होती आणि ती गळी उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

मी दुपारी चिंचपोकळीला गेले. ताई म्हणाल्या, "गाऊ काय? माझ्या वाटणीचं तेवढंच गाऊ?" मी म्हटलं, गा. त्या बक्षिसाच्या गाण्यातलं आपलं तेवढं गायल्या. खालचा सूर, मधूनमधून येणारा, मध्ये लांबलांब गप्प. बाकीच्या तिघींशिवाय ते गाणं ओळखूसुद्धा येत नव्हतं. मला ऐकवेना, म्हणून मी निर्मलाताईंचा वरचा सूर धरला. ताई थांबल्या.

"निर्मलाचं गातेस?"

"हो."

"नको. तिचं तिच्यापाशी राहू दे. तुझं काय ते गा."

त्या गाण्यात माझं काहीच नव्हतं. निघताना त्यांनी बजावलं, "आणि त्या पुस्तकात शतायुषी बितायुषी लिहू नकोस. शंभर वर्षं जगून बोलू कुणाशी?" दारात चपला घालताना रडू आलं, ते त्यांना दिसू दिलं नाही.

मालतीताई, दंड धरून मागं ओढलंत तेव्हापासून तुमचा एक शब्द मी खाली पडू दिलेला नाही. आज पाडते. तुम्ही शतायुषी व्हा, निरोगी राहा. बोलायला कुणी नाही म्हणता, तर दर मंगळवारी मी येईन. निर्मलाताईंचं गाणार नाही. तुम्ही तुमच्या वाटणीचं गा, मी शेजारी बसून माझं शोधत राहीन. मला सूर लवकर सापडत नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तो सापडेपर्यंत तरी तुम्हाला थांबावं लागेल.