साडूंच्या गाडीचं डिफरन्शियल

ज्याचा कशावरच विश्वास नाही असा माणूस अख्ख्या विदर्भात एकच, आणि तो नेमका माझा साडू. थोरल्या मेहुणीचे यजमान म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो, आणि मी इतक्या आदराने का म्हणतो याचाही त्यांना संशय आहे. डॉक्टर रक्तदाब मोजायला लागले की ते यंत्र आधी डॉक्टरांच्याच दंडाला लावून दाखवायला सांगतात. नागपुरात बर्डीच्या बाजारात संत्री घेताना वरची रास बाजूला सारून तळाची उचलतात. तिथला विक्रेता आता शहाणा झाला आहे. "काका, वरचीच घ्या," एवढं तो म्हणतो, आणि भाऊ तळातली सुरकुतलेली संत्री विजयी मुद्रेने घरी घेऊन जातात.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात त्यांची सारी नोकरी तबकड्यांवरचे काटे पाहण्यात गेली. "काटा जागचा हलून नाही राहिला ना, तर समजायचं काटाच बिघडला," हे त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला लागतात, हे मोटारींच्या शर्यतीला लागले. उमरेड रोडच्या पुढे दर हिवाळ्यात एका पडीक शेतात मातीवरच्या शर्यती होतात. त्यांत भाऊ आपली जुनी, पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी पळवतात. गाडीचा प्रत्येक नट आवळून झाला की त्यावर बायकोच्या नेलपॉलिशची रेघ ओढतात, म्हणजे कुणी हात लावला तर रेघ तुटलेली दिसते. मेहुणीबाई लग्नाकार्याला कोऱ्या नखांनी जातात आणि गाडी मात्र गुलाबी नटून बसलेली असते.

यंदा प्रश्न आला डिफरन्शियलचा. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त पळावं लागतं. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जी पेटी, ते डिफरन्शियल. गाडीबरोबर आलेलं साधं त्यांना कधीच पटलं नव्हतं. "जे चाक मातीत नुसतं भिरभिरते, त्यालेच सारी ताकद! काम करणारं बसलं पाहत. हे डिफरन्शियल आहे का ऑफिस गा?" दोन्ही चाकं वेल्डिंगने जोडून टाकावीत, तर गाडी वळायलाच तयार होत नाही. उरले दोन प्रकार. एक प्लेटांचा, म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचा. तो दोन्ही चाकांना कामाला लावतो, गाडी वळणातून सुसाट काढतो, पण पुढचीच चाकं ओढणार आणि वळणारही, त्यामुळे स्टिअरिंगला जबर हिसके बसतात. दुसरा निव्वळ दात्यांचा. हाताला मऊ, वेगाला जरा कमी, आणि म्हणे झिजत नाही. "न झिजणारी वस्तू अन् न रागावणारी बायको," भाऊ म्हणाले, "दोन्हींवर नजर ठेवा लागते."

कामठीचा मिस्त्री म्हणाला, दात्यांचाच लावा. भाऊंची मुलगीही तेच म्हणाली. झालं! "दोघं एकच बोलून राहिले, म्हणजे आधी बोलून ठेवलं." खरं कारण सगळ्या घराला माहीत होतं. भाऊंचा उजवा खांदा धरला होता. खुंटीवरची टोपी काढायलाही त्यांना डावा हात लागे. हिसके मारणारी गाडी त्यांना झेपणार नव्हती, आणि यंदाही बाबांनीच शर्यतीत उतरावं म्हणून ती पोर धडपडत होती. पण भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिले स्वतःले चालवायची आहे गा. म्हणून माझा खांदा मोठा करून सांगून राहिली." आणि त्यांनी हट्टाने प्लेटांचा बसवून घेतला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं त्या शेतात गेलो. भाऊ एकटे गाडीत बसले. सुरुवातीचं वळण झकास गेलं. पुढच्या वळणातून बाहेर पडताना त्यांनी जोर दिला, स्टिअरिंग हातातून हिसकलं आणि गाडी बांध ओलांडून शेजारच्या तुरीत जाऊन उभी राहिली. आम्ही धावलो. भाऊंना कुठे लागलं नव्हतं. ते खाली उतरले आणि वाकून एकेक नट पाहू लागले. सगळ्या गुलाबी रेघा शाबूत होत्या. संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. उजवा खांदा चोळत ते मुलीला म्हणाले, "तू बस वं."

तिने गाडी बाहेर काढली आणि वळणांमागून वळणं अशी घेतली की मी बघतच राहिलो. खाली उतरल्यावर मात्र दोन्ही मनगटं झटकत म्हणाली, "बाबा, लय ओढते. मलेबी नाही आवरत."

"मंग दात्यांवालाच लावू," भाऊ म्हणाले. "पण शर्यतीत तूच बसजो."

ती मान फिरवून हेल्मेटचा पट्टा उगाच सोडत राहिली.

परतताना ती पुढे गाडी घेऊन गेली आणि भाऊ माझ्या गाडीत बसले. वाटेत त्यांनी विचारलं, "काय गा, तिले खरंच ओढत होती का गाडी? का माझ्यासाठी तसं म्हणाली?"

वळणावर तिचे हात किती सैल होते ते मी पाहिलं होतं. "ओढत होती, भाऊ," मी म्हणालो.

भाऊंनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. आता उलटतपासणी होणार म्हणून मी सावरून बसलो. पण ते खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाले, "ओढतच असन." मला फार वाईट वाटलं. निदान त्या वेळी तरी त्यांनी माझ्यावर संशय घ्यायला हवा होता.