डाव्या पट्टीचा टोल

हायवेच्या टोलनाक्यावर सगळ्यात डावीकडे एक चिंचोळी पट्टी असते. तिथून दुचाक्या जातात, आणि दुचाकीला टोल नाही. कारवाले रांगेत हॉर्न वाजवत बसतात, मोटरसायकलवाला सिमेंटच्या कठड्याला घासून निघून जातो. माझ्या बाबांना या गोष्टीचा एवढा अभिमान, की जणू सरकारनं ती सूट त्यांना विचारूनच दिली होती.

आमचं गाव मूर्तिजापूरजवळचं. आईचं डायलिसिस अकोल्याला, आठवड्यातून दोनदा, आणि नाका मधे. मी अमरावतीला राहते. माझ्याकडे कार आहे, आणि आईच्या मते माझा स्वभाव म्हणजे तव्यावर टाकलेली मिरची. मी फोनवर कडाकडा भांडायचे. इतक्या आजारी बाईला कोणी मोटरसायकलवर नेतं का? त्यात गाडी तरी कोणती, तर माझ्या लग्नाच्या आधीची, धूर ओकणारी. उद्या पीयूसीवाल्यानं धरलं तर? बाबा शांतपणे सांगायचे, की कारनं नाक्यावर ताटकळत बसावं लागतं, आपल्याले तिथं कोणी थांबवत नाही.

हे कारण काही खरं नव्हतं. खरं कारण एकदा आईनंच सांगितलं. "कारमंदी तुमी मले मागं निजवून नेता. गाडीवर मी यायच्या संगं बसून जातो." यायच्या म्हणजे बाबांच्या. ते मला कळलं, पण राग गेला नाही.

पुढं तिचा तोल जायला लागला. मला वाटलं, आता तरी सुटलो. तर बाबांनी नवीनच काढलं. खांद्यावरचा लांब पांढरा दुपट्टा ते मागं द्यायचे, आई तो आपल्या पाठीमागून घ्यायची, दोन्ही टोकं पुढं त्यांच्या हातात द्यायची, आणि बाबा पोटावर गाठ मारायचे. दोघं एकमेकांना बांधलेले, आणि चालले अकोल्याला. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. अख्खा हायवे हसत असेल, असं म्हणाले.

"हसू दे," आई म्हणाली. "लग्नात बांधलं होतं तवा कोणी हासलं नोतं."

नाक्याच्या त्या डाव्या पट्टीत, कधी अकोल्याकडच्या तर कधी गावाकडच्या बाजूला, एक पोरगी खुर्ची टाकून बसायची. निळा शर्ट, गळ्यात शिटी. कोणी ऑटो किंवा ट्रॅक्टर तिथून घुसवायला लागला की उठायची, बाकी दिवसभर ऊन खात बसायची. बाबांना जो अभिमान, तोच आईला बोचायचा. फुकट काहून जाचं, रस्ता का आपल्या सासऱ्याचा हाय, असं तिचं म्हणणं. म्हणून ती वावरातलं काहीतरी पिशवीत घेऊन निघायची आणि नाक्यावर बाबांना गाडी थांबवायला लावायची. थंडीत हरभऱ्याचे घाटे, कधी बोरं, कधी चार वांगी. पहिल्यांदा पोरीनं हात मागं घेतला, वर कॅमेरा आहे म्हणाली. आईला ते लागलं. कॅमेऱ्याले का वांगं दिसत नाही, असं विचारून तिनं पिशवी तिच्या मांडीवरच ठेवली. तेव्हापासून हा आमचा टोल सुरू झाला. बाबा कुरकुरायचे, पण थांबायचे.

विहिरीवरच्या दोन झाडांची संत्री आली की आई हटकून संत्री न्यायची. तिला स्वतःला संत्रं बंद होतं. डॉक्टरांनी चाखायलासुद्धा बंदी केली होती. पिशवीतून ते काढायची, नाकाशी धरायची आणि पोरीला द्यायची.

गेल्या माघात मी गावी आले होते. डायलिसिसचाच दिवस होता, संत्र्यांची पिशवी रात्रीच भरून ठेवलेली. सकाळी आईला दम लागला आणि ओठ काळे पडले. ॲम्बुलन्स बोलवावी लागली. मी पिशवीसकट आत बसले, आणि बाबा, कोणाचं न ऐकता, मोटरसायकलनं मागं. ॲम्बुलन्सलाही टोल नसतो. सायरन वाजवत आम्ही नाका ओलांडला. आईनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"तिचं राह्यलं."

"कोणाचं, आई?"

"नाक्यावरच्या पोरीचं."

मी मास्क परत बसवला. येताना देऊ म्हणाले, आणि तिनं मान हलवली. मला तेव्हा खरंच वाटत होतं, की येताना देऊ.

येताना शववाहिका होती. तिलाही टोल नसतो. दवाखान्यात धावत आलेला मामा आईजवळ बसला, मी त्याच्या बाजूला. बाबांना सगळ्यांनी समजावलं, की आज तरी गाडीत बसा. त्यांनी दवाखान्यातल्या खाटेखालची पिशवी घेतली, हँडलला अडकवली आणि किक मारली. निघताना त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सवयीनं मागं दिला. घ्यायला कोणी नव्हतं. तसाच परत खांद्यावर टाकला.

नाका ओलांडल्यावर मी मागं पाहिलं तर बाबा नाहीत. मी ड्रायव्हरला थांबवायला लावलं. गावात माणसं जमलेली, ऊन चढत चाललेलं, आणि यांचं हे काय? आधीच जीव फाटला होता, त्यात संताप. मी तणतणत मागं चालत गेले.

बाबा डाव्या पट्टीत उभे होते. मागं तीन-चार मोटरसायकली अडकल्या होत्या. शिटीवाली पोरगी त्यांच्या मागच्या रिकाम्या सीटकडे पाहत होती. आज बाई नाही आल्या का, असं ती विचारत होती.

"थे आता पुढच्या गाडीत गेली," बाबा म्हणाले. "तुले हे द्याले सांगून गेली."

पोरीनं पुढं उभी असलेली शववाहिका पाहिली. मग दोन्ही हात पुढं केले. बाबांनी एकेक करून सगळी संत्री तिच्या हातात दिली, हातात मावेनात तेव्हा खुर्चीवर ठेवली, आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. मागच्या कोणीही हॉर्न वाजवला नाही. पोरगी रडत होती. बाबा रडत नव्हते.

मी भांडायला आले होते. पण आईजवळ मामा होता, म्हणून मी बाबांच्या मागं जाऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होते. बाबांनी वळून न पाहता दुपट्टा मागं दिला. मी तो पाठीमागून घेतला आणि दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली.