भुरीला दिलेलं आवतन

उत्तमराव गावंडे सरांना जनावरांची भीती वाटते, हे भातकुली तालुक्यातल्या झाडून सगळ्या कुत्र्यांना माहीत होतं. शिक्षण खात्याला तेवढं कळलेलं नव्हतं.

लहानपणी अचलपूरला मामाकडे असताना एक कुत्रं त्यांच्या पोटरीला चावलं होतं. तेव्हापासून ते कोरड्या उन्हातही छत्री घेऊन फिरत. रोज अमरावतीहून मोटारसायकलवर शाळेत येताना गावाच्या वेशीशी कुत्रं भुंकलं की दोन्ही पाय उचलून पेट्रोलच्या टाकीवर ठेवत, आणि ती सर्कस पाहायला पोरं वडाखाली आधीच जमलेली असत.

अशा माणसाच्या गळ्यात 'भूतदया सप्ताह' पडला. झालं काय, तालुक्याच्या बैठकीत उत्तमराव चहा प्यायला बाहेर गेले आणि परत आले तेव्हा 'प्राणीमित्र शिक्षक' झालेले होते. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. जनगणना झाली, मतदार याद्या झाल्या, गावातले संडास मोजून झाले. खात्यानं जू पुढे केलं की उत्तमराव मान देत. पण या वेळी थोडा मोहही होता. ज्याचा कार्यक्रम उत्तम होईल त्याला अमरावतीत शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळणार होतं. घरी बैठकीत सोफ्याच्या वर एक खिळा कित्येक वर्षं रिकामा होता. त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, तो मानपत्रासाठीच ठोकून घेतला होता, आणि आता निवृत्ती जवळ आली तरी खिळा तसाच होता. येणारा प्रत्येक पाहुणा त्यावर टोपी अडकवायचा, आणि दुर्गाबाईंचा जीव जळायचा.

सप्ताहाचे पहिले दिवस सरांनी भूतदया फळ्यावरच उरकली. फळ्यावरचा बैल लाथ मारत नाही. मुलांनी एका सुरात शपथ घेतली आणि घोषणा दिल्या. त्या आवाजानं शाळेच्या ओट्यावर झोपलेली भुरी कुत्री दचकून उठली, तेव्हा शपथ घेतलेल्या हातांपैकीच एकानं तिला खडा मारला.

ही भुरी म्हणजे सरांच्या वाटेतला खरा काटा. मागचा एक पाय लंगडा, अंगावर खरूज, आणि बसायची जागा नेमकी वर्गाच्या दारात. विस्तार अधिकारी साहेब पाहणीला येणार ते पोळ्याच्या आदल्या दिवशी, कारण पोळ्याला त्यांना सुट्टी हवी होती. त्यांच्यासमोर आपण छत्री उगारून वर्गात शिरलो तर मानपत्राचं काय होईल, हा विचार सरांची झोप उडवत होता. शेवटी त्यांनी ग्रामपंचायतीचे शिपाई नत्थुजी यांना बाजूला घेतलं.

"नत्थुजी, ते कुत्रं जरा लांब सोडून द्या ना. तेवढ्या पाहणीपुरतं."

"लांब म्हंजे कुठं?"

"पेढी नदीच्या पलीकडं."

"भूतदयेसाठी काय?" नत्थुजींनी विचारलं. सरांनी छत्री उचलली आणि वर्गाची वाट धरली.

त्याच दिवशी सरांनी आदर्श पाठ घेतला, आणि तो खरंच छान झाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी करतात, वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. हे सांगताना सरांना आपला बाप आठवला, बापाचे हळदीचे हात आठवले, आणि क्षणभर ते बैलाला भ्यायचेही विसरले.

"आवतन दिलेला पाहुणा जेवल्याशिवाय घरच्यानं जेवायचं नसतं," सर म्हणाले. "आपल्यासाठी जो राबतो, त्याला आज आवतन द्या. उद्या शाळेत जेवण."

त्यांच्या डोळ्यांसमोर एक झूल घातलेला, शिंगं रंगवलेला, लांबून फोटो काढता येईल असा बैल होता. पण गावात बैल उरले होते कुठे?

"सर, आमच्या घरी ट्रॅक्टर हाय," विपुल म्हणाला. "त्याले देऊ काय आवतन?"

"सजीवाला दे," सर म्हणाले, आणि तिथंच फसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी शाळेसमोर थांबली, तेव्हा आवारात पाहुण्यांची गर्दी झालेली होती. विपुलनं आजीची शेळी आणली होती, कपाळाला हळद लावून. आचलनं गाढव आणलं होतं, कारण ते विटा वाहतं. पियुषनं मांजर पोत्यात घालून आणलं होतं, कारण घरात भरून ठेवलेला कापूस उंदरांपासून तेच राखतं. सर खुर्चीवर उभे राहून स्वागताचं भाषण करत होते. साहेबांना तो त्यांचा उत्साह वाटला. ते भलतेच खूश झाले.

"वा, गावंडे! असं जिवंत काम तालुक्यात नाही पाहिलं. तुमचं नाव पक्कं समजा."

सरांना तो खिळा डोळ्यांसमोर दिसला.

शाळेच्या स्वयंपाकीण पार्बताबाईंनी शिजवलेली खिचडी वाढली गेली. शेळीनं आधी खिचडी खाल्ली, मग पत्रावळ खाल्ली. मुलं जेवू लागली. फक्त दुसरीतली पिंकी भरलं पान मांडीवर घेऊन फाटकाकडे पाहत बसली होती. तिची आई लोकांच्या शेतात निंदणाला जायची ती दिवस मावळता यायची, तोवर ही पोरगी शाळेच्या ओट्यावर असायची.

"काय गं, तू काहून नाही जेवत?" साहेबांनी विचारलं.

"माही पाव्हनी नाई आली."

"कोण पाव्हणी?"

"भुरी. आई येईलोक माह्याजवळ तेच बसते. म्या तिले काल आवतन देल्लं. सर म्हने, पाव्हना जेवल्याबिगर आपून जेवाचं नाई."

साहेब हसले. "गावंडे, झकास फोटो आहे हा. बोलवा त्या कुत्रीला."

"ती... ती दिसत नाही आज, साहेब."

"मग दुसरं एखादं आणा. फोटोत कोण ओळखतं?"

पिंकीनं साहेबांकडे पाहिलं नाही. ती सरांकडे पाहत होती. रागानं नाही, निव्वळ खात्रीनं, की सरांनी सांगितलं म्हणजे पाहुणी येणारच.  त्या नजरेनं उत्तमरावांना वाटली तितकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. साहेबांनी समारोपाचं भाषण सुरू केलं होतं, आणि भूतदया म्हणजे काय हे ते सांगत असतानाच उत्तमराव खिचडीचा डबा घेऊन मोटारसायकलवर बसले. छत्री शाळेतच राहिली.

भुरी पेढीच्या काठी बाभळीखाली सापडली. खिचडी दाखवून मागे मागे आणावी, असा सरांचा बेत होता. पण त्या पायानं ती चार पावलं चालली आणि बसली. मग उत्तमरावांनी डोळे गच्च मिटले, मारुतीरायाचं नाव घेतलं आणि तिला उचललं. ती चावली नाही. थरथरत होती, सरही थरथरत होते. ज्या टाकीवर ते रोज पाय ठेवत, तिथं आज भुरी बसली, आणि वेशीतली सगळी कुत्री मोटारसायकलमागे धावली, तरी पाय वर घ्यायला जागाच नव्हती.

शाळेत पोचले तेव्हा साहेब निघून गेले होते. न विचारता कार्यक्रम सोडून गेल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस त्याच दिवशी मोबाईलवर आली. पिंकी मात्र तशीच बसून होती, मांडीवर गार झालेली खिचडी.

"सर, थे तिकडं हाय म्हून तुमाले कसं मालूम?"

उत्तमराव तिच्याशेजारी ओट्यावर बसले. "मीच पाठवली होती बाई तिला. मला भेव लागते तिचा."

पिंकीनं यावर बराच विचार केला. मग पत्रावळ भुरीपुढे सरकवली आणि म्हणाली, "असं सांगाव नं मंग. म्या धरून ठेवली असती."

मानपत्र दुसऱ्याच तालुक्यात गेलं. त्या शाळेत एकही जनावर फिरकलं नव्हतं. मुलांनी पुठ्ठ्याचे मुखवटे घातले होते आणि फोटो फार स्वच्छ आले होते. दुर्गाबाई आठवडाभर धड बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी सप्ताह आला नाही. खात्याला तोवर वृक्षप्रेम सुचलं होतं, आणि खड्डे खणायला उत्तमरावच होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते कुदळ ठेवून ओट्यावर टेकले. भुरी दोन हात अंतरावर झोपली होती, कारण तेवढ्यावर दोघांचं जमलं होतं. पिंकी मागून आली आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तिनं काहीतरी गार चोळलं. लोणी होतं, हळद कालवलेलं.

"हे काय गं?"

पिंकी त्यांच्या कानाशी वाकली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आईनं पुरनाच्या पोया करतो म्हनलं."

उत्तमरावांनी दुसराही खांदा पुढे केला. 

शर्टाचा डाग दोनदा धुऊनही निघाला नाही. तिसऱ्यांदा भिजवण्याआधी दुर्गाबाईंनी विचारलं, हा लावला कोणी? उत्तमरावांनी सगळं सांगितलं. दुर्गाबाई शर्ट घेऊन बैठकीत गेल्या, आणि पाहुण्याची टोपी काढून तो शर्ट त्यांनी खिळ्याला अडकवला.