अक्कांचा जागल्या

आमच्या थोरल्या जाऊबाई कमरेला पेचकस खोचत. बाकीच्या बायका किल्ल्यांचा जुडगा खोचतात, तिथे. भोसरीहून गावी आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांची नजर घरभर फिरायची. कुठली कडी हलतेय, कुठली बिजागरी करकरतेय, ते त्यांना लगेच दिसायचं. माझा चहा उकळेपर्यंत कडी घट्ट झालेली असायची. ती कडी वर्षभर रोज मीच उघडायचे, मीच लावायचे. ती हलते हे मलाही माहीत होतं. पण घट्ट त्यांनी केली, म्हणून घरात नाव त्यांचं.

मी त्यांना अक्का म्हणायचे. त्या माझ्यासारख्याच चौथी झालेल्या. तेच मला जास्त लागायचं. जास्त शिकलेल्या असत्या, तर मनाची समजूत घालता आली असती. थोरल्या दिरांना भोसरीत नोकरी लागली तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि एका लहानशा कारखान्यात झाडू मारायला लागल्या. तिथे दुकानाच्या दारात लावायच्या घंट्या बनायच्या. झाडता झाडता बघून बघून त्या तारेला डाख द्यायला, म्हणजे कथील वितळवून तार जोडायला, शिकल्या. पाच-सहा वर्षांत त्यांच्या हाताखाली चार पोरी आल्या. मी मात्र इथेच राहिले, घाटघरच्या वाटेवरच्या आमच्या गावात. चार म्हशी, भाताची खाचरं आणि आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई.

"राबायचं न्हाई सुमन, सोय करायची," असं अक्का नेहमी म्हणायच्या. एकदा मी तिसरा हंडा डोक्यावर घेऊन आत येत असताना म्हणाल्या. मला वाटलं, हंडा तिथेच आपटावा. पण मी कधी काही बोलले नाही. माझा स्वभावच तसा. त्यावरही त्यांचं बोलणं तयार असायचं. पाहुण्यांसमोर मला कोपऱ्यात उभी बघून म्हणायच्या, "बोल की गं! घरात खांब काय कमी हायेत?" सगळे हसायचे. आत्या सगळ्यांत जास्त हसायच्या.

पुढे आत्यांचे गुडघे गेले. उठलं की चक्कर यायची, आणि आपल्याला चक्कर येते हेच त्या विसरायच्या. दोनदा पडल्या. त्यांना अंघोळ मी घालायचे, वेणी मी घालायचे, भाकरी दुधात कुस्करून मी द्यायचे. त्यांना ऐकूही कमी येऊ लागलं होतं, पण दारात कोणी आलं की पहिला प्रश्न ऐकू यायचा, कारण तो त्यांचाच असायचा : "थोरलीचा काय निरोप?"

त्या साली पावसाळ्यानंतर अक्का आल्या त्या एक पांढरी डबी घेऊन. साबणाच्या डबीएवढी, पुढे दुधी रंगाचा गोल डोळा. समोर माणूस हललं की तिला समजायचं आणि दुसऱ्या डबीतली घंटी वाजायची. दोन्हींच्या मध्ये तार नाही. लाइट आमच्याकडे असून नसल्यासारखी, पण ही डबी सेलवर चालणारी. अक्कांनी ती आत्यांच्या खाटेशेजारी भिंतीला खाली लावली, डोळ्यावर वरून कागदाची पट्टी चिकटवली, आणि आत्यांना दहा वेळा कूस बदलायला लावली. "झोपल्या झोपल्या हलल्या तर वाजाया नको. पाय खाली टाकला की वाजाया पायजे," असं म्हणत पट्टी जराशी वर, जराशी खाली करत बसल्या. जेवण गार झालं तरी उठल्या नाहीत. घंटी माझ्या चुलीपाशी ठेवली; मागच्या खळ्यावर जाताना ती सोबत न्यायची, असं बजावलं.

"हा आपला जागल्या," त्या म्हणाल्या. पूर्वी गावाच्या राखणीला जो माणूस जागा राहायचा, त्याला जागल्या म्हणत.

पहिल्याच दिवशी घंटी वाजली आणि मी पिठाच्या हातांनी धावले. खाटेखालून कोंबडी चालली होती. अक्का पोट धरून हसल्या. "अगं, कोंबडीला बी सासू समजून पळतीस व्हय!"

गावातल्या बायका जागल्या बघायला आल्या. थोरलीनं सासूला काय राखण बसवली, म्हणाल्या. त्या सगळ्यांचा चहा मी केला.

अक्का भोसरीला गेल्यावर तीन-चार दिवसांनी एक नवीनच सुरू झालं. घंटी वाजायची, मी हातातलं टाकून धावायचे, तर आत्या खाटेवर निजलेल्या आणि एक हात खाली सोडून डबीपुढे हलवतायत.

"काय पायजे आत्या?"

"तुला न्हाई गं बोलावलं. थोरलीला सांगती, जेवले म्हून."

मला आधी समजेना. मग समजलं. घंटी चुलीपाशी वाजते ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. त्यांना वाटत होतं, ही डबी भोसरीला कळवते. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आत्या, हे इथंच वाजतं. माझ्यापाशी."

"व्हय तर! बिनतारेचा फोन जातो का न्हाई भोसरीला? तसंच हे." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "थोरलीचं बरं तुला बगवत न्हाई. म्हून असं सांगतीस."

डबीबद्दल त्यांचं चुकत होतं, माझ्याबद्दल नाही.

मग दिवसातून दहा वेळा. चहा झाला, की थोरलीला हात. औषध घेतलं, की थोरलीला हात. चहा मी दिलेला, औषध मी दिलेलं. एके दुपारी त्यांचं डोकं विंचरत होते, तर माझ्या हाताखालून त्यांनी हात लांब केला आणि हसून डबीला म्हणाल्या, "बग गं, येणी चालली माजी." माझ्याकडे बघून त्या तशा कधी हसल्या नव्हत्या.

त्यांचा डोळा लागल्यावर मी डबी उघडली, सेल काढले आणि डाळीच्या डब्यात टाकले.

आत्यांना काहीच फरक पडला नाही. त्या हात हलवत राहिल्या. फरक मला पडला. घंटी गप्प झाली आणि मला वाटलं, आता राखणीला मीच आहे, एकटी. तीन दिवस मी दर थोड्या वेळाने येऊन बघून जायचे. कोणाला सांगितलं असतं तर हसले असते, पण मी खुशीत होते.

चौथ्या दिवशी घरामागच्या खळ्यावर भाताची झोडणी होती. दुपारी एकदम आभाळ भरून आलं. भारे झाकायला माणसं कमी, म्हणून मी थांबले. अर्धा तास असेल, जास्तही असेल. घरी आले तर आत्या जमिनीवर पडलेल्या. पाय वाकडा झालेला. रडत नव्हत्या. "थोरलीला कवाधरनं हात करती," एवढंच म्हणाल्या.

जुन्नरच्या दवाखान्यात खुब्याचं हाड मोडल्याचं सांगितलं. ऑपरेशन पुण्याकडे करायचं ठरलं. त्यांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले दीर आणि अक्का जीप घेऊन आले. घरात भावकी जमली होती. दिरांनी पहिलं तेच विचारलं, "तो जागल्या का वाजला न्हाई?"

आमचे मालक माझ्याकडे बघत होते. अक्का खाटेशेजारी बसल्या, कमरेचा पेचकस काढला, आमच्याकडे पाठ करून डबी उघडली. जराशा थांबल्या. मग डबी लावून टाकली.

"सेल उतरल्यात," त्या म्हणाल्या. "मागल्या येळेला नवं आणायचं माज्या ध्यानातनं गेलं. चूक माजी हाय."

"दुनियेच्या दुकानांना घंट्या करतीस," दीर सगळ्यांसमोर ओरडले, "आन आईच्या येळेला सेल आणाया झाले न्हाईत?" अक्का मान खाली घालून ऐकत राहिल्या. त्यांना असं ऐकून घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "यंत्रावर भरवसा ठिवावा का? माणूस ते माणूस." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. बोलायची ती वेळ होती. मी बोलले नाही.

जीपमध्ये ठेवायच्या आधी आत्यांनी मला जवळ बोलावलं. सगळे उभे होते. म्हणाल्या, "धाकलीनं माजं लई केलं. थोरलीचा जागल्या झोपला, पर ही न्हाई झोपली." इतकी वर्षं मी याच एका वाक्याची वाट बघितली होती. ते आलं, अगदी चारचौघांत आलं, आणि ऐकताना अक्का माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन आत्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

मी पाण्याची बाटली भरून आणायला आत गेले, तर अक्का मागोमाग आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्ये सेल नवे हायेत. टाकू नगंस. बॅटरीला व्हतील." आणि बाटली माझ्या हातातून घेऊन गेल्या.

आत्या पुढे वर्षभर भोसरीलाच होत्या, तिथेच गेल्या. अक्का नोकरी सोडून घरी बसल्या त्या त्यांच्यासाठी. मी दोनदा भेटायला गेले. सोय करायची म्हणणारी बाई ओंजळीत पाणी घेऊन सासूचं तोंड धूत होती, आणि त्यातही माझ्यापेक्षा तिचा हात हलका होता.

गेल्या साली अक्का आजारी पडल्या. मी जाऊन खाटेपाशी बसले. वाटेत एसटीमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. "अक्का, त्या येळंला सेल..." एवढं म्हणाले.

"कुठली येळ?" त्या म्हणाल्या. "चा घेतलास का तू? घे आदी." आणि डोळे मिटून घेतले.

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. दहाव्याला बायका त्यांच्या घंट्यांचं, पेचकसाचं बोलत होत्या. एकीने आठवण काढली, तेवढी एक चूक सोडली तर हुशार बाई. मी तेव्हाही तिथेच बसले होते.

आयुष्यभर मला अक्कांचा हेवा वाटला. त्यांच्या हाताचा, बोलण्याचा, भोसरीतल्या घराचा. ते सगळं आता विरलं. एक मात्र जात नाही. त्या दिवशी सगळ्यांपुढे त्या माझ्यासाठी जे खोटं बोलल्या, ते त्यांच्या जागी मी असते तर मला बोलता आलं नसतं. मी खरं सांगून मोकळी झाले असते.