कॅमेऱ्याला कानटोपी

दोनदा पडलेल्या सासूबाई दिवसभर घरी एकट्या, म्हणून मुलुंडची तेजल तोडणकर बँकेतून त्यांना घरातल्या कॅमेऱ्यातून मोबाइलवर बघायची. सोमवारी पेपरात आलं, ‘घरातले सगळे कॅमेरे चोर बघतात!’ सासूबाईंनी लगेच कॅमेऱ्याला कानटोपी घातली.

“मी कपडे बदलतंय, ता बघतले मेले!”

चार दिवस तेजलचा जीव टांगणीला. शेवटी तिने बातमीदाराला फोन लावला.

“सगळे कॅमेरे?”

“तसं नाही मॅडम, कंपनीने दिलेला पासवर्ड न बदललेले. ते लिहायचं राहिलं.”

“अहो, तेच तर लिहायचं होतं ना!”

तेजलने पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला होता. हे ऐकल्यावर सासूबाईंनीच कानटोपी काढली. दुसऱ्या दुपारी मोबाइलवर त्या निवांत शेंगा सोलताना दिसल्या, आणि तेजल पोटभर जेवली.