दसऱ्याची पहिली वाफ

खालापूरचे लडकूदादा मोहोपाड्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला निघतात. दादा पडवीत बसून वाफेचं रेल्वे इंजिन करू लागले. हातभर लांब, पण खरोखर पाणी उकळून चालणारं. वरून माशासारखं निमुळतं पत्र्याचं अंग, म्हणजे धावताना वारा अडू नये. अंगणातल्या रुळांवर एवढा वारा कुठून यायचा, असं त्यांच्या बायकोनं, मंगळीवहिनींनी, एकदाच विचारलं. दादा पत्रा घासत राहिले, तेव्हा त्या पूजेला लागल्या.

तीन वर्षांनी इंजिन उभं राहिलं. पत्र्याच्या खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, निळा रंग चढला. दसऱ्याला यंत्राची पूजा करायचीच असते, तर त्याच दिवशी पहिली वाफ, असं वहिनींनी आळीभर सांगून टाकलं.

बॉयलर ज्यानं केला त्यानंच तो पास करायचा नाही, ही कारखान्याची रीत. म्हणून आदल्या दिवशी मोहियुद्दीनभाई आले, तिथलेच जुने बॉयलरवाले. चहा प्यायले, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "झकास हाय. आता पत्रा काढ."

दादांनी समजावून पाहिलं. पत्र्याला पक्के रिवेट मारलेत, काढला तर लांबी फुटेल, रंग जाईल. उद्या लोक येणार. शिवाय सांधे आपण स्वतः दोनदा पारखलेत.

"तूच केलंस नि तूच पारखलंस," भाई म्हणाले. "माझा बॉयलर असा सोडला असतास काय रं?"

दादा छिन्नी घेऊन आले.

उघड्या बॉयलरात गार पाणी भरून भाईंनी हातपंपानं दाब चढवला आणि स्टुलावर बसून राहिले. पाचव्या मिनिटाला मागच्या सांध्यावर थेंब आला. पुसला. पुन्हा आला. पाण्याचा नुसता थेंब येतो; उद्या तिथून वाफ सुटली असती तर भोवती बसलेली बायकापोरं भाजली असती.

दसऱ्याला आळी जमली. पाटावर पोपडे उडालेला पत्रा, शेजारी उघडा बॉयलर. वहिनींनी दोहोंना आणि दादांच्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. शेजारच्या वनितानं विचारलं, चालणार कधी?

"एवढ्यात नाय," दादा म्हणाले. "बॉयलर नापास झालाय."

हे त्यांनी इतकं शांतपणे सांगितलं, की दोघातिघांनी अभिनंदन केलं.

लोक पांगल्यावर सांधा पुन्हा जोडायला दादा हत्यारं उचलू लागले. वहिनी म्हणाल्या, "आज ती पूजेत हायत. उद्या."

दादांनी हात जोडले आणि बसून राहिले. नवा पत्रा रिवेट न मारता, काढता येईल असा स्क्रूंवरच बसवायचा, एवढं मात्र त्यांनी बसल्या बसल्या ठरवलं.